दुर्मिळ केसचे काय करायचे?



कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अधिवेशनात सर्वाधिक गर्दी कोणत्या सत्राला होते, हे इथे कुणाला सांगायला नको. जेवणानंतरचे, डुलक्यांसाठी बदनाम असलेले सत्रही ‘दुर्मिळ केसेस’ असे नाव दिले की भरून जाते. नाकातून काढलेल्या अळ्या, मुलाच्या श्वासनळीत अडकलेली शिट्टी, चिंचोक्याभोवती वर्षानुवर्षे क्षार साचून झालेला नाकातला खडा. पडद्यावर फोटो येतो, सभागृहातून ‘अरे बापरे’ उमटते, एकूण किती अळ्या निघाल्या याचा आकडा वक्ता सांगतो आणि पुढचा वक्ता उभा राहतो. त्या रुग्णाचे नाक आधीपासून कोरडे पडून खपल्या धरत होते का, त्याला पूर्वी कुष्ठरोग झाला होता का, तो दिवसा उघड्यावर झोपतो का, घरी गेल्यावर पुन्हा अळ्या झाल्या का, हे सगळे वेळेअभावी राहून जाते. मला आज एकच मुद्दा मांडायचा आहे. दुर्मिळ केस हा वैद्यकातला पुरावा आहे, आणि त्या पुराव्याचा मोठा भाग रुग्णाच्या कामात, खाण्यात, पाण्यात आणि त्याच्या तक्रारीच्या तपशिलात असतो. तेवढाच भाग आपण नेमका गाळतो.

पुण्याशी संबंध असलेले उदाहरण आधी घेतो. नाकात वाढणारा, पांढरे ठिपके असलेला, स्ट्रॉबेरीसारखा दिसणारा आणि हात लावताच भळभळणारा मोड आपण सर्वांनी किमान पुस्तकात तरी पाहिला आहे. ऱ्हायनोस्पोरिडिओसिस हे त्याचे नाव. सीबर यांनी १९०० साली ब्यूनोस आयर्समध्ये त्याचे वर्णन केले. १९०३ मध्ये ओ’किनीली यांनी कलकत्त्यातला रुग्ण नोंदवला, आणि अॅशवर्थ यांनी १९२३ मध्ये त्या जीवाचे जीवनचक्र तपशिलाने मांडून त्याला बुरशीच्या गटात बसवले. तोवर सगळे लक्ष सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर होते. १९३३ साली नोरोन्हा यांनी पुण्यातल्या वाळू काढणाऱ्या मजुरांमध्ये हा आजार किती आढळतो याचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला, आणि प्रश्नाचे तोंडच बदलले. हा रोग कोणता, याच्या जोडीला हा रोग कुणाला होतो, असेही कुणीतरी विचारले होते. त्या काळातल्या निरीक्षणांमधून आणखी एक फरक पुढे आला. नदीत बुडी मारून वाळू उपसणाऱ्यांना हा आजार होत होता, आणि तीच वाळू पाण्याबाहेर हाताळणारे त्यांचे सोबती बहुधा सुटत होते. काचेवर हा फरक दिसणे शक्य नव्हते. पुढे १९९९ मध्ये जनुकीय तपासणी झाली आणि हा जीव बुरशी नसून माशांवर जगणाऱ्या परजीवींचा जवळचा नातलग असल्याचे दिसले. पाऊण शतक तो चुकीच्या खान्यात बसला होता. आजतागायत तो प्रयोगशाळेत नीट वाढवता आलेला नाही. पण पाण्याशी त्याचे नाते पुण्याच्या नदीपात्रातल्या मजुरांनी आधीच दाखवून ठेवले होते. शस्त्रक्रियेत आपण मोड मुळापासून काढून बुडखा जाळतो, आणि रुग्ण पुन्हा त्याच डोहात उतरतो. आपल्या केस पेपरवर त्याच्या व्यवसायापुढे ‘मजूर’ एवढेच लिहिलेले असते.

दुसरे उदाहरण तर ओपीडीत रोज समोर बसते, म्हणून ते कधीकाळी दुर्मिळ होते हेच आपण विसरलो आहोत. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील विकाराचे वर्णन केले. आतली त्वचा पांढुरकी, ताठर झालेली, तोंड उघडत नाही, तिखट सोसत नाही. त्यांनी दिलेल्या लांबलचक लॅटिन नावातच हा विकार उष्ण प्रदेशातला आणि अज्ञात कारणाचा असल्याची कबुली होती. त्याच सुमारास मुंबईत कान-नाक-घसा शल्यविशारद एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानींमधला हाच विकार नोंदवला आणि त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हटले. १९५६ मध्ये टाटा मेमोरियलचे पेमास्टर यांनी अशा तोंडांत कर्करोग उद्भवतो याकडे लक्ष वेधले. मग टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतविभागाची पथके खेडोपाडी, घरोघरी जाऊन तोंडे तपासू लागली, आणि ‘अज्ञात’ कारण लोकांच्या चंचीत सापडले. ते म्हणजे सुपारी. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली. महाराष्ट्राने गुटख्यावर २००२ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये बंदी घातली. ती किती पाळली जाते हे आपल्यासमोर बसणारी, तोंडात तीन बोटेही न मावणारी विशीतली पोरे सांगतात. पाच स्त्रियांच्या नोंदीपासून राज्याच्या कायद्यापर्यंतचा हा प्रवास आहे. यातली निर्णायक पायरी कोणती, असे मला कुणी विचारले तर मी सूक्ष्मदर्शक किंवा शस्त्रक्रिया म्हणणार नाही. तोंड तपासणाऱ्याने ‘तुम्ही काय चघळता आणि दिवसातून किती वेळा’ हे विचारून लिहून घेतले, ती पायरी.

कधी तपशील व्यवसायात किंवा सवयीत नसतो, रुग्णाच्या वाक्यात असतो. डोळे इकडून तिकडे फिरवले की कानात आवाज येतो, मोठा आवाज झाला की समोरची भिंत हलते, चालताना टाचेचा ठोका कानात वाजतो, असे सांगणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुठे पाठवतात हे वेगळे सांगायला नको. १९९८ मध्ये बाल्टिमोरच्या लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असल्या तक्रारी करणाऱ्या मोजक्या रुग्णांवर विश्वास ठेवला. सीटी स्कॅनमध्ये आतल्या कानातील वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचे हाड नाहीसे झालेले दिसले. आतल्या कानाला जणू तिसरी खिडकी मिळते, त्यामुळे आवाजाची ऊर्जा तोल सांभाळणाऱ्या नलिकेत शिरते आणि शरीरातले बारीक आवाज मोठे होऊन ऐकू येतात. घोट्यावर ठेवलेला ट्यूनिंग फोर्कसुद्धा काही जणांना त्या कानात ऐकू येतो. त्यानंतर हजार शंखास्थींची तपासणी झाली. त्यांपैकी अर्ध्या टक्क्यात नलिकेवर हाडच नव्हते, आणखी सुमारे दीड टक्क्यात ते कागदासारखे पातळ होते. म्हणजे शरीररचनेतला हा दोष आपल्याला वाटत होता तितका विरळ नव्हता. या रुग्णांच्या ऑडिओग्राममध्ये हवेतून आणि हाडातून ऐकण्यातले अंतर दिसते, ते ओटोस्क्लेरोसिस समजून काहींच्या कानात विनाकारण स्टेपीजची शस्त्रक्रियाही झाली. स्टेपीडियल रिफ्लेक्स शाबूत आहे एवढे पाहिले असते तरी ती टळली असती. ज्यांनी या रुग्णांची वाक्ये लिहून ठेवली असतील त्यांच्या जुन्या कागदांत निदान आजही करता येईल. ज्यांनी नुसते ‘चक्कर’ असे लिहिले त्यांच्या कागदांत ते कायमचे हरवले.

यावर पहिला आक्षेप येणार तो पुराव्याच्या प्रतवारीचा, आणि तो बिनबुडाचा नाही. एकट्या केसवरून काहीही सिद्ध होत नाही. शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर तिची जागा आहे. आक्षेप घेणाऱ्याला आपल्याच शास्त्रातला भरभक्कम दाखलाही मिळेल. प्रॉस्पर मेनिअर यांनी जानेवारी १८६१ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे मांडले की चक्कर, उलट्या आणि बहिरेपणा यांचे मूळ कानात असू शकते. त्याआधी असल्या रुग्णांना मेंदूत रक्त साकळले म्हणून रक्त काढण्याचे उपचार होत. त्यांच्या लेखनातली सर्वांत गाजलेली केस एका तरुणीची होती. ऐन थंडीत रात्रभर उघड्या घोडागाडीतून प्रवास केल्यावर ती एकाएकी ठार बहिरी झाली, तिला सतत चक्कर येऊ लागली आणि पाचव्या दिवशी ती गेली. शवविच्छेदनात अर्धवर्तुळाकार नलिकांत रक्तमिश्रित द्रव आढळला. आज आपण ज्याला मेनिअरचा आजार म्हणतो तो त्या मुलीला नव्हता, याबद्दल आता फारसे दुमत नाही. मग एका चुकीच्या केसवर एवढी इमारत उभी राहिली, असे म्हणायचे का? माझे उत्तर असे की ही केस माझ्याच बाजूने साक्ष देते. प्रवास, थंडी, तिची मासिक पाळी, आजाराचा प्रत्येक दिवस आणि शवविच्छेदनाचा निष्कर्ष हे सगळे मेनिअर यांनी लिहून ठेवले, म्हणूनच नंतरच्या वाचकांना हा आजार वेगळा होता हे ओळखता आले. मधल्या काळात दिशा मात्र बरोबर ठरली होती: दोष कानात. आणि ती चूक दुरुस्त झाली कशी? १९३८ मध्ये लंडनचे हॉलपाइक आणि केर्न्स यांनी दोन रुग्णांच्या शंखास्थी तपासून आतल्या कानातला द्रव वाढल्याचे दाखवले; त्याच वर्षी जपानमध्ये यामाकावा यांनी एका रुग्णात तेच पाहिले. तीन माणसे! केस रिपोर्टने निष्कर्ष काढू नये, हे मला मान्य आहे. त्याने प्रश्न विचारावा, आणि पुढच्या माणसाला तो प्रश्न तपासता येईल एवढी सामग्री मागे ठेवावी.

दुसरा आक्षेप ग्रामीण भागात काम करणाऱ्या सहकाऱ्यांच्या मनातला, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. कान वाहणारी मुले दाराशी ताटकळत असताना, ऐकू न येणाऱ्या बाळांना वेळेवर तपासणी मिळत नसताना नवलाच्या केसेसमध्ये वेळ घालवणे ही चैन नाही का? मुलाखतीत निवासी डॉक्टर सहा दुर्मिळ सिंड्रोमची नावे घडाघडा सांगतो आणि कानाच्या पडद्याचे साधे भोक ओळखताना चाचपडतो, हे आपण पाहतोच. पण रांग आणि नवल या दोन वेगळ्या जागा आहेत, असे मानण्यात चूक होते. दुर्मिळ रुग्ण त्याच रांगेत उभा असतो, सर्वसाधारण तक्रार घेऊन. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा स्राव हे सर्दीचे लक्षण समजून दोन आठवडे औषध दिले जाते. आत चण्याचा दाणा असेल तर फार बिघडत नाही. खेळण्यातली किंवा रिमोटमधली बटणासारखी बॅटरी असेल, तर तिच्या ऋण ध्रुवापाशी दाहक सोडा तयार होऊन नाकाच्या पडद्याला भोक पडते. तीच बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते, आणि एक्स-रेमध्ये ती नाण्यासारखीच दिसते. तिच्या कडेला दुहेरी वर्तुळ असते. हे बारीकसे वर्तुळ शोधायला आपल्याला शिकवले ते एकेका मुलाच्या नोंदींनी. खाली वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा थेंब पडतो, त्याला अॅलर्जी समजून वर्षभर गोळ्या दिल्या जातात. तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो, हे ज्याने एक केस नीट वाचली आहे त्याच्या डोक्यात वेळेवर येते. रांग लवकर सरावी म्हणूनच विरळ्याची ओळख लागते.

ताजा आणि सर्वांत कडू दाखला आहे २०२१ चा. म्युकरमायकोसिस आपल्याला नवा नव्हता. अनियंत्रित मधुमेहाच्या रुग्णांत तो दिसतो, सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, पडदे नसलेले तंतू दिसतात आणि काळी पडलेली ऊती काढावी लागते, हे पाठ्यपुस्तकात होते. चंदीगडच्या पीजीआयमध्ये अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे भारतातील वाढत्या संख्येकडे बोट दाखवत होते. डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली आणि अहमदाबादच्या डॉक्टरांनी कोविडमधून उठलेल्या रुग्णांत हा आजार पाहिल्याचे जाहीर केले होते. एका बाजूचा गाल बधिर होणे, वरचे दात हलू लागणे, अशी सुरुवात होती. कित्येक जण आधी दंतवैद्याकडे गेले. या नोंदी एकत्र करून स्टेरॉइड किती दिले, किती दिवस दिले, रक्तातली साखर कुणी तपासली का, असे विचारणारी व्यवस्था आपल्याजवळ नव्हती. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार अधिसूचित करायला सांगितले, तेव्हा अँफोटेरिसिनसाठी नातेवाईक शहरभर धावत होते. देशात चाळीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, त्यांत महाराष्ट्र आघाडीवरच्या राज्यांत होता. जबडे गेले, डोळे गेले. डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप गटांवर त्या काळात हजारो फोटो फिरले. त्यांतल्या किती फोटोंखाली साखरेचा आकडा होता?

गोपनीयतेचा प्रश्नही कुणीतरी उपस्थित करील, आणि करावा. व्यवसाय, गाव, सवय असे सगळे लिहिले तर छोट्या वस्तीत रुग्ण ओळखू येईल. म्हणून तालुका लिहा, गाव नको. लेखी संमती घ्या, तीही रुग्णाला कळेल अशा मराठीत. आणि चेहरा दाखवल्याशिवाय मुद्दा कळत असेल तर चेहरा नको. व्यवसाय मात्र लपवू नका. फसलेले उपचारही लपवू नका. आपले केस रिपोर्ट वाचले तर महाराष्ट्रात कुणाचीच शस्त्रक्रिया बिघडत नाही, असा समज होतो.

निबंध निवड समितीला आणि तुम्हा सर्वांना माझी विनंती आहे. पुढच्या अधिवेशनासाठी दुर्मिळ केस पाठवाल तेव्हा पहिल्या ओळीत रुग्ण काय काम करतो, कुठले पाणी वापरतो आणि काय चघळतो ते लिहा. त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहा. शेवटच्या ओळीत वर्षभरानंतर तो कसा आहे ते लिहा; ते ठाऊक नसेल तर फोन करून विचारा, आणि मगच निबंध पाठवा. फोटो एक पुरे.