पाण्याभोंवतीं कुंपण



पाणी म्हणजे जीवन, हें आपण बालपणापासून पाठ करीत आलों आहों. परंतु तेंच पाणी खोल, उघडें व राखणीवांचून असलें, तर लहान मुलाच्या दृष्टीनें तो सापळाच होय. अशा पाण्याभोंवतीं कुंपण कोठें, कसें व कोणीं घालावें, याचा आज थोडा विचार करूं.

आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. पण या मुलखाची तलावांबद्दलची ख्याति फार जुनी आहे. नवेगांवबांध, बोदलकसा, चोरखमारा हीं नांवें आपल्या परिचयाचीं आहेत. कोहळी समाजानें धानासाठीं बांधलेल्या तलावांनीं व गांवोगांवच्या बोड्यांनीं येथील माणसें जगविलीं. या तलावांवर गुरें पाणी पितात, धुणीं होतात, ढीवर बांधव मासे धरतात, शिंगाडे काढतात. एवढ्या जलाशयाला तारेचा वेढा घाला, असें कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं.

मग कुंपण हवें कोठें? जेथें कांठ एकदम खोल जातो आणि मुलांची नेहमींची वाट त्या कांठाला लागून जाते, तेथें. शाळेजवळची बिनकठड्याची विहीर, रस्त्यालगतची मुरुमाची खाण, घरामागची बोडी, आणि अलीकडचें शेततळें, हीं अशीं ठिकाणें होत.

शेततळ्याविषयीं थोडें अधिक सांगतों. राज्य शासनानें २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली. शेततळें उपयुक्त आहे, यांत शंका नाहीं. परंतु जुन्या बोडीचा कांठ मातीचा व उतरता असतो. तेथें पाय टेकतो. अस्तर घातलेल्या शेततळ्याचा कांठ प्लास्टिकचा. तो ओला झाला कीं पाय ठरत नाहीं. पट्टीचा पोहणाराही तेथून वर येऊं शकत नाहीं, आणि वांचवावयास उतरलेला दुसरा मनुष्यही तेथेंच अडकतो. म्हणून अशा तळ्यास चारी बाजूंनीं जाळी, कुलपाचें फाटक आणि कांठावर पक्का बांधून पाण्यांत सोडलेला गांठींचा दोर, या तीन गोष्टी अवश्य पाहिजेत.

कुंपण कसें असावें, याचे नियम परदेशांत बारकाईनें ठरविलेले आहेत. घरगुती पोहण्याच्या तलावांसाठीं न्यूझीलंडनें १९८७ सालीं, आणि ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स राज्यानें १९९२ सालीं कायदा केला. न्यू साउथ वेल्समध्यें कुंपण निदान १.२ मीटर, म्हणजे सुमारें चार फूट उंच लागतें. खालची फट १० सेंटिमीटरांहून अधिक चालत नाहीं. फाटक बाहेरच्या बाजूस उघडणारें व आपोआप मिटणारें असावें लागतें. या शेवटच्या नियमांतील शहाणपण ध्यानांत घ्या. मोठीं माणसें फाटक लावावयास विसरणार, हें नियम करणारानें आधींच गृहीत धरलें आहे. बुडणारें मूल बहुधा हांकही मारूं शकत नाहीं. म्हणून कुंपणानेंच पहारा करावयाचा.

आपल्याकडे असा कायदाच नाहीं, हा समज खरा नव्हे. सार्वजनिक रस्त्यालगतचा तलाव, विहीर किंवा खड्डा यांस कुंपण घालण्याचा हुकूम दंडाधिकाऱ्यास देतां यावा, अशी तरतूद १८९८ च्या फौजदारी संहितेच्या १३३ व्या कलमांत होती. १९७३ च्या संहितेंत ती त्याच क्रमांकानें राहिली, आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमांत आहे. पोलिसांच्या अहवालावरून ‘किंवा अन्य माहितीवरून’ असा हुकूम निघूं शकतो. तुमचा आमचा साधा अर्ज या ‘अन्य माहितीं’त येतो. पैसा नाहीं, ही सबबही टिकत नाहीं. १९८० सालीं रतलामच्या गटारांच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें याच जुन्या कलमाच्या आधारें नगरपालिकेची ती सबब नाकारली.

खाजगी शेतकऱ्यालाही खर्चाचा प्रश्न पडतो, आणि तो खोटा नाहीं. परंतु गुरांपासून धान राखावयास आपण काट्याकुपाटीचें कुंपण दरसाल करतोंच कीं नाहीं? धानाला जें मिळतें, तें मुलाला कां मिळूं नये? जाळीचे पैसे जमेपर्यंत बांबूचें दाट कुंपण घालावें. तेंही मुलाला अडवितें.

संयुक्त राष्ट्रसंघानें २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावासाठीं नेमला आहे. आमच्याकडे तोंपर्यंत पावसाळा भरांत येतो व बोड्या भरूं लागतात. तेव्हां पाहणी उन्हाळ्यांतच व्हावी. पाणी आटलेलें असतां तळ दिसतो, आणि कोठें पुरुषभर खोली आहे हें डोळ्यांनीं कळतें. शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांपैकीं पुष्कळांचीं शेतें गांवीं आहेत. सुटींत मुलांना घेऊन तेथें जाल, तेव्हां पहिल्याच दिवशीं विहिरीचा कठडा व तळ्याचें फाटक पाहून घ्या. आपल्या मालकीचें असेल तर दुरुस्त करा. रस्त्यालगतचें सार्वजनिक असेल तर तहसील कचेरींत अर्ज द्या, व त्याची पोंच घ्यावयास विसरूं नका.