कार्यकर्त्याची लेखणी

(अकोट येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दोन तास सभा गाजवणारा कार्यकर्ता, त्याच सभेचा अर्ध्या पानाचा वृत्तान्त मागितला की महिनाभर तोंड चुकवतो. हा अनुभव एकट्या अकोटचा नव्हे, साऱ्या पुरोगामी चळवळीचा आहे. त्याला आळस म्हणून मोकळे होणे सोपे. परंतु मोर्चासाठी रात्र जागणारा माणूस आळशी कसा म्हणावा? त्याला अडवते ती भीती. बोललेला शब्द हवेत विरतो, लिहिलेला शब्द साक्षीला उभा राहतो. शिवाय लेखन हे प्रतिभावंतांचे काम, हा समज शाळेनेच त्याच्या मनावर बिंबवलेला असतो.

या समजाच्या पुष्ट्यर्थ साने गुरुजींचेच उदाहरण दिले जाते. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली गेली, असे सांगतात आणि ऐकणारा हात जोडून स्वस्थ बसतो. पण या पाच दिवसांमागे काय होते? अमळनेरच्या वसतिगृहात असताना गुरुजी विद्यार्थ्यांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. वाचक मूठभर, छपाई नाही, मानधन नाही. तरी रोज अंक निघायचा. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती टिपून घेणारी लेखणी गुरुजींचीच. अठरा रविवार दुसऱ्याचे बोलणे निष्ठेने उतरवणाऱ्या हाताला पुढच्या वर्षी स्वतःचे बोलणे सापडले. पाच दिवसांचा पूर सर्वांना दिसतो. त्यामागचा वर्षानुवर्षांचा झरा कोणी पाहत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर लेखन ही एकरकमी गुंतवणूक नव्हे, ती बचत आहे. म्हणून कार्यकर्त्याने वेळ ठरवावी आणि माप लहान ठेवावे : रोज अर्धे पान. त्यात तारीख, गाव आणि एक तरी आकडा असावा. वेचणीचा किलोमागे दर काय मिळाला, बियाण्याची उधारी किती, काट्यावर घट किती धरली, एवढे पुरे. विचारांचे भाष्य मागाहून येते. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहून प्रायश्चित्त घेऊ नये. कर्जाचा बोजा वाढला की माणूस सावकाराचे दारच टाळू लागतो. तसेच थकेपर्यंत लिहू नये. उद्याचे एक वाक्य मनात शिल्लक असतानाच थांबावे. एका रात्रीच्या आवेशापेक्षा वर्षभर टिकणारी सवय चळवळीला अधिक उपयोगी पडते.

दुसरी अडचण भाषेची. वऱ्हाडी माणसाला आपली बोली कागदावर आणताना संकोच वाटतो. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने १९६० मध्येच ही बोली मराठी कादंबरीत सन्मानाने बसवली. मग आपल्या टिपणात मजुराचे वाक्य त्याच्याच तोंडचे का नसावे? शुद्धलेखन दुसरा कोणी तपासू शकेल. ऐकलेले वाक्य मात्र ऐकणाऱ्यालाच लिहावे लागते.

तिसरी सबब अशी की, लिहून छापतो कोण? महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा त्याची पहिली दोनच प्रकरणे ‘दीनबंधू’त छापून आली. जोतीराव त्यामुळे थांबले नाहीत. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी असुडातील भाग लोकांना वाचून दाखवले. छापखाना नसला तरी श्रोता असतो. आठवड्याची टिपणे शाखेच्या बैठकीत दहा मिनिटे वाचली, तर चूक तेथेच दुरुस्त होते आणि लिहिणाऱ्याला कोणीतरी वाट पाहते आहे याचा आधार मिळतो.

हा केवळ छंदाचा प्रश्न नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठवून अकोट तालुक्यात वसवलेल्या कोरकू कुटुंबांना काय सांगण्यात आले आणि प्रत्यक्षात काय मिळाले? पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्यासाठी बाईचा दिवस किती खर्ची पडतो? चौकशीच्या वेळी सरकारजवळ फाईल असते, व्यापाऱ्याजवळ खातेवही असते. गरिबाजवळ असते फक्त आठवण, आणि आठवणीला पुरावा मानीत नाहीत. ज्याची नोंद नाही त्याचे दुःख घडलेच नाही असे ठरते.

हे अंतर भरून काढणे कार्यकर्त्याच्या हाती आहे. अकोटच्या सतरंज्यांचे नाव झाले ते एकेक धागा ठोकून बसवणाऱ्या हातांमुळे. त्या विणकराने कधी स्फूर्तीची वाट पाहिली नाही. कार्यकर्त्यानेही पाहू नये. आज घरी गेल्यावर वहीत तारीख घालावी, गावाचे नाव लिहावे, आणि आज जे ऐकले त्यातील एक वाक्य उतरवावे. आरंभाला एवढे पुरेसे आहे.