तळणीचे तूप : प्राणिज आणि वनस्पतिज

जबलपूरची खव्याची जिलेबी तळली जाते तेव्हा तिचे गुणदोष केवळ खव्यावर ठरत नाहीत. कढईत काय आहे, यावरही ते ठरतात. उष्मांकांच्या दृष्टीने प्राण्यांची चरबी आणि वनस्पती तूप यांत भेद नाही. दोहोंच्या एका ग्रॅमपासून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात. भेद आहे तो मेदाम्लांचा. गाईबैलांच्या चरबीतील जवळजवळ निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात, आणि तिच्यात कोलेस्टेरॉलही असते. सोयाबीनच्या तेलात संपृक्त मेदाम्ले सुमारे १५ टक्केच असतात. याच सोयाबीनचे प्रयोग १९६४ साली जबलपूर येथे स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने केले, आणि पुढे मध्य प्रदेशात हे पीक फोफावले.

परंतु तेल पातळ असते आणि हलवायाला हवे असते थिजणारे तूप. १९०२ साली नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन मिसळण्याच्या कृतीचे एकस्व घेतले. तेल थिजू लागले. पण ही क्रिया अर्धवट राहिली की काही मेदाम्लांची घडण पालटते व ती ‘ट्रान्स’ होतात. साजूक तूप ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्याच घरी वनस्पती तुपाचे डबे अधिक गेले. तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल मिसळणे कायद्याने सक्तीचे झाले. साजुक तुपाचे रक्षण झाले खरे. वनस्पती खाणाऱ्याची काळजी मात्र फार उशिरा घेतली गेली.

१९९० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले की, ट्रान्स मेदाम्ले रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि हितकर कोलेस्टेरॉल घटवतात. संपृक्त मेदाम्लांत हा दुसरा दोष आढळला नव्हता. म्हणजे चरबीपेक्षा निरुपद्रवी म्हणून स्वीकारलेला पदार्थ एका बाबतीत तिच्याहूनही वाईट ठरला. भारतात खाद्य तेले व तुपे यांतील ट्रान्स मेदाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा आली ती १ जानेवारी २०२२ पासून.

तेव्हापासून घट्टपणासाठी पामतेलाचा आधार अधिक घ्यावा लागतो. अशा डब्यावर ‘कोलेस्टेरॉलविरहित’ असे छापलेले असले, तर ते खोटे नसते. वनस्पतिज तेलात कोलेस्टेरॉल नाममात्रच असते. पामतेलातील निम्मी मेदाम्ले मात्र संपृक्त असतात, जवळजवळ चरबीइतकीच.