शिरेतून दिले जाणारे औषध : यंत्राची साथ, माणसाचे भान

(सुवर्णमहोत्सवी समारंभात रोहा येथे केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी, शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु काही वर्षांपूर्वी सौभाग्यवतीस शस्त्रक्रियेसाठी एका शहरातील रुग्णालयात ठेवले असता आलेला अनुभव सांगणे मी कर्तव्य समजतो. शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे आडनाव आमचेच होते. रात्री परिचारिका त्यांचे इंजेक्शन घेऊन आमच्या खाटेपाशी आली व सलाईनच्या नळीत सोडू लागली. "सिस्टर, हे कशाचे?" एवढेच मी विचारले. तिने कागद पाहिला आणि तिचा हात थांबला. त्या मुलीवर माझा राग नाही. एवढ्या मोठ्या कक्षात त्या दोघीच होत्या.

पोटात गेलेल्या गोळीचा परिणाम होण्यास अवधी लागतो. शिरेतील औषध काही क्षणांत हृदयापर्यंत पोहोचते. कात्री चाललेले कापड पुन्हा अखंड होत नाही, तसेच हे आहे.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 साली भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे 14 रुग्ण दगावले व न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. तेथे औषधच दूषित होते. आज मी बोलतो आहे ते औषध शुद्ध असूनही होणाऱ्या चुकीविषयी.

हिशेब पाहा. 500 मिलिलिटर सलाईन 4 तासांत द्यायचे व नळीतून 20 थेंबांना 1 मिलिलिटर पडत असेल, तर मिनिटाला सुमारे 42 थेंब हवेत. सूक्ष्म थेंबांच्या नळीत 60 थेंबांना 1 मिलिलिटर होतो. तेथेही 42च ठेवले तर औषध एक तृतीयांशच जाईल. इन्शुलिन आपल्याकडे मिलिलिटरला 40 आणि 100 अशा दोन्ही तीव्रतेत मिळते. सिरिंज चुकली की मात्रा चुकली. पोटॅशियम क्लोराईडचे तीव्र द्रावण पातळ न करता थेट शिरेत गेल्यास हृदय बंद पडू शकते, आणि त्याची कुपी साध्या पाण्याच्या कुपीसारखीच दिसू शकते.

यावर तंत्रज्ञानाने उपाय दिले आहेत. इन्फ्युजन पंप ठरविलेल्या गतीने औषध सोडतो. त्याच्या सुधारित प्रकारात औषधांच्या मर्यादा आधीच भरलेल्या असतात. दशांश चिन्ह चुकून दहापट आकडा पडला तर यंत्र इशारा देते, वा सुरूच होत नाही. दुसरा उपाय आम्हा दुकानदारांच्या परिचयाचा, बारकोड. रुग्णाच्या मनगटावरील पट्टी व औषधाचे लेबल दोन्ही वाचून संगणक मेळ घालतो. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सर्व प्रकारची औषधे धरून, वेळेखेरीजच्या चुका 11.5 टक्क्यांवरून 6.8 टक्क्यांवर आल्या. आपल्या देशातही 1 ऑगस्ट 2023 पासून 300 औषधांच्या लेबलवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. त्याचा मुख्य हेतू मात्र बनावट औषध ओळखणे हा आहे.

तरीही चुका शून्यावर आल्या नाहीत, हे ध्यानी घ्यावे. सतत वाजणारा इशारा माणूस बंद करतो. घाईत रुग्णाची पट्टी न वाचता टेबलावरचा कागद वाचला जातो. शिवाय काही उपायांना पैसाही लागत नाही. पोटॅशियमच्या तीव्र कुपी कक्षात न ठेवता औषध विभागात कुलपात ठेवणे, धोक्याचे औषध दोघांनी स्वतंत्रपणे तपासणे, एवढ्यानेही जीव वाचतो.

रोह्याचे रुग्ण अलिबाग, पनवेल, मुंबईपर्यंत जातात. म्हणून दोन विनंत्या करतो. रुग्णालयास पंप देणगी द्यावयाचा झाल्यास केवळ यंत्रावर नाव कोरून थांबू नये; दुरुस्ती व परिचारिकांचे प्रशिक्षण यांचीही तरतूद करावी. आणि रुग्णाजवळ बसणाऱ्याने नम्रपणे विचारावे, "सिस्टर, हे औषध कोणते आणि कोणासाठी?" त्या रात्री माझ्या घरचे माणूस याच प्रश्नाने वाचले.