कुमारांच्या भयकथा

भय टाळावें आणि करमणूक मिळवावी, असा जगाचा साधा व्यवहार आहे. असें असतां बारा ते सतरा वर्षांचीं मुलें खाऊच्या पैशांतून भय विकत कां घेतात, हा प्रश्न वडील मंडळींना पडावा यांत नवल नाहीं. अमेरिकेंत तो गेल्या शतकाच्या अखेरीस घरोघर पडला होता.

१९८९ सालीं आर. एल. स्टाईन या लेखकानें ‘फिअर स्ट्रीट’ ही कादंबरीमालिका सुरू केली. शेडीसाइड हें कल्पित गांव, तेथील हायस्कूल, आणि त्यांतील मुलामुलींवर ओढवणारे खून व शाप, असा तिचा मालमसाला. १९९२ मध्यें त्याहून लहान वाचकांसाठीं ‘गूजबम्प्स’ निघाली. या शब्दाचा अर्थ अंगावर उठणारा काटा. १९९७ पर्यंत मूळ मालिकेचीं ६२ पुस्तकें झालीं. गंमत अशी कीं, हे गृहस्थ त्यापूर्वीं विनोदी लेखक म्हणून ओळखले जात. दचकणें आणि खदखदून हंसणें यांत बालमनाला फारसें अंतर वाटत नाहीं, हें त्यांनीं हेरलें असावें.

या लेखकाचें बाळपण ओहायो राज्यांत गेलें. भयानक चित्रकथांचीं मासिकें घरांत आणावयाचीं नाहींत, असा मातोश्रींचा दंडक होता; पण न्हाव्याच्या दुकानांत तीं ठेवलेलीं असत. मुलगा तेथें वरचेवर केस कापून घेऊं लागला! पुढें १९५४ मध्यें सेनेटच्या एका समितीनें या मासिकांची चौकशी केली आणि प्रकाशकांनीं स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. तिच्या अन्वयें चित्रकथेच्या नांवांत ‘भय’ किंवा ‘दहशत’ या अर्थाचे शब्दच नकोत, असें ठरलें. पण दुकानांतून हटविलेली वस्तु त्या वाचकाच्या डोक्यांत राहिलीच, आणि पस्तीस वर्षांनीं शेंकडो पृष्ठांच्या रूपानें बाहेर पडली. पालकांच्या हरकतीही मागोमाग आल्या. १९९० ते १९९९ या दशकांत ज्या पुस्तकांविरुद्ध ग्रंथालयांकडे सर्वांत अधिक तक्रारी गेल्या, त्यांची यादी अमेरिकन ग्रंथालय संघानें केली आहे. तींत ‘गूजबम्प्स’ आहे.

भयाची गोडी ही कांहीं आजची नव्हे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताच्या रथापुढें जीव घेऊन पळणारें हरिण आहे. अभिनवगुप्तानें नाट्यशास्त्रावरील टीकेंत भयानक रसाच्या विवेचनासाठीं तोच दाखला घेतला. हें भय प्रेक्षकाचें स्वतःचें नसतें आणि केवळ त्या हरिणाचेंही राहात नाहीं. कोणा एकाचें नसल्यामुळेंच तें आस्वाद घेण्याजोगें होतें, असा त्याचा आशय आहे. पुस्तक हातीं धरलेल्या मुलालाही तें मिटतां येईल हें पक्कें ठाऊक असतें. मिटण्याची सत्ता आपल्याकडे, म्हणून उघडण्याचें धाडस.

परंतु एवढ्यानें कुमारवयाचाच हा ओढा कां, हें उलगडत नाहीं. चौदाव्या वर्षीं मुलाचा आवाज फुटतो, ओठांवर लव येते, कालचें शरीर परकें वाटूं लागतें, आणि याविषयीं घरांत बोलण्याची सोय नसते. ‘गूजबम्प्स’मधील एका पुस्तकांत मुलाच्या अंगावर राठ केस उगवूं लागतात आणि तो तें लपवितां लपवितां बेजार होतो. मोठ्यांना ही थट्टा वाटेल. त्या वयाच्या वाचकाला ती बातमी वाटते. मालिकेच्या पहिल्याच पुस्तकांत नव्या घरीं आलेल्या मुलीला अनोळखी चेहरे दिसतात, पण आईबापांना तें पटत नाहीं. आपलें म्हणणें कोणी खरें मानीत नाहीं, हें या वयाचें केवढें दुःख! भूत हें येथें निमित्त असतें.

या पुस्तकांची भाषा मात्र दरिद्री आहे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. वाक्यें तुटक, पात्रें एका सांच्यांतलीं, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं दारावर थाप. पान उलटावें तों मांजर निघतें. तरीही ज्या मुलानें शाळेच्या पुस्तकापलीकडे कांहीं वाचलें नव्हतें, तो रात्रीं दिवा लावून बसला, ही गोष्ट लहान नव्हे.

मराठींत कुमारांसाठीं अशी स्वतंत्र पेठ फारशी वसली नाहीं. मुलांनीं मोठ्यांच्याच फळीवर हात घातला. नारायण धारपांचे ‘समर्थ’ आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचनालयांतून घरीं आल्या, त्या वडिलांच्या नांवावर, आणि वाचल्या मुलांनीं. मतकरींनीं तर ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यांत चेटकीणच रंगभूमीवर आणली. दिलीप प्रभावळकरांनीं ती रंगविली, आणि मुलें तिच्यावर लुब्ध झालीं.

आतां लोइस डंकन या लेखिकेची हकीकत सांगितली पाहिजे, कारण या विषयाची दुसरी बाजू तींत आहे. १९७३ सालच्या तिच्या एका कादंबरींत चार तरुण मोटारीखालीं सांपडलेल्या बालकाला टाकून पळतात आणि वाच्यता न करण्याची शपथ घेतात. वर्षभरानें एक चिठ्ठी येते: तुम्हीं काय केलेंत तें ठाऊक आहे. भुताखेतांचा संबंध नाहीं. छळतें तें लपविलेलें पाप. त्या चौघांपैकीं एकाचाही कथेंत जीव जात नाहीं. १९८९ मध्यें डंकनच्या तरुण कन्येचा खून झाला. त्यावर तिनें १९९२ त पुस्तक लिहिलें, आणि मारेकऱ्याचा शोध हाच तिचा ध्यास झाला. १९९७ मध्यें त्या जुन्या कादंबरीवर चित्रपट निघाला. त्यांत आंकडा घेतलेला एक कोळी तरुणांना एकामागून एक मारतो आणि प्रेक्षागृहांत किंकाळ्या व हंशा पिकतो. लेखिकेला तें पाहवलें नाहीं. जिच्या लेकराची हत्या झाली, तिला मृत्यु ही किंचाळून हंसण्याची बाब वाटूं शकत नाहीं, असें तिनें बोलून दाखविलें. २०१६ मध्यें ती वारली, तोंवर कन्येच्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झालेली नव्हती.