यंत्राला त्याचं नाव विचारताना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



गावाकडे कुणी भेटलं की विचारतं, "हिंजवडीत कॉम्प्युटरमध्ये आहेस, म्हणजे नक्की करतोस काय?" आपल्याच मुळशी तालुक्यात भाताच्या खाचरांच्या जागी ते आयटी पार्क उभं राहिलं, पण आतलं काम बाहेरून दिसत नाही. म्हणून आज त्यातलं एकच छोटं काम सांगतो. यंत्राला त्याचं नाव विचारण्याचं.

मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर म्हणजे लोखंडी कपाटात एकावर एक रचलेले चपटे डबे. त्यांना पडदा नसतो, कीबोर्ड नसतो. शंभर डबे सारखेच दिसतात. आम्ही हिंजवडीत बसतो आणि यंत्र असतं नवी मुंबईत, नाहीतर परदेशात. त्याची मेमरी वाढवायची, बिघडलेला भाग मागवायचा किंवा दुरुस्तीचा करार करायचा, तर आधी नेमकं मॉडेल कळावं लागतं. मग आम्ही लांबूनच कमांड देतो आणि यंत्र उत्तर देतं.

लिनक्स असेल तर डीएमआयडीकोड नावाची कमांड आहे. कारखान्यात यंत्राच्या मुख्य बोर्डावर कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक नोंदवलेले असतात, तेच ती वाचून दाखवते. समजा, उत्तर आलं 'डेल, पॉवरएज आर-७३०'. यातला 'आर' म्हणजे कपाटात, म्हणजे रॅकमध्ये बसणारं यंत्र. ७ हा दर्जा, ३ म्हणजे तेरावी पिढी आणि शेवटचं शून्य म्हणजे इंटेलचा प्रोसेसर. एचपीच्या युनिक्समध्ये तर कमांडचं नावच 'मॉडेल' आहे. आयबीएमचं यंत्र '९११७-एमएमए' असं कोडं घालतं. जाणकाराला कळतं की हे पॉवर ५७०.

पण उत्तर मिळालं म्हणजे काम संपलं असं नाही. सन कंपनीची काही जुनी यंत्रं 'अल्ट्रा-५_१०' असं सांगायची. अल्ट्रा ५ आणि अल्ट्रा १० ही दोन वेगळी मॉडेल्स, पण दोघांचं उत्तर एकच. कधी नावाच्या रकान्यात 'उत्पादकाने भरावे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य तसंच राहिलेलं असतं, कारण उत्पादकाने ते भरलेलंच नसतं. आणि कधी उत्तर येतं 'व्हीएमवेअर'. म्हणजे ज्याच्याशी आपण बोलतोय त्याला स्वतःचं शरीरच नाही. एका मोठ्या यंत्राच्या पोटात अशी अनेक आभासी यंत्रं चालतात. खरं मॉडेल हवं तर त्या मोठ्या यंत्रालाच विचारावं लागतं.

आपल्या तालुक्यात जमिनीचे व्यवहार पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. सातबारा एकाच्या नावावर, ताबा दुसऱ्याचा. म्हणून शहाणा माणूस सातबारा बघतो, फेरफार बघतो आणि मोजणी करून बांधावरही जाऊन येतो. आमच्याकडेही तसंच आहे.

जवळचंच उदाहरण घ्या. ताम्हिणीत पाऊस किती पडेल याची आपल्याला कायम काळजी. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत हवामानाची गणितं करणारे महासंगणक एकामागून एक आले. 'आदित्य', मग २०१८ साली आलेला 'प्रत्युष', आणि २०२४ साली 'अर्क'. ही आपण ठेवलेली नावं. पण 'प्रत्युष'चा एखादा सुटा भाग हवा असेल तर 'प्रत्युष' सांगून चालणार नाही; 'क्रे एक्ससी-४०' असंच सांगावं लागेल. घरात बंड्या म्हटलं तरी शाळेच्या दाखल्यावर खरं नावच लागतं.

नाव चुकलं तर काय होतं, तेही सांगतो. एका कंपनीत दोन सारखे सर्व्हर वर-खाली बसवले होते. एक कायमचा बंद करायचा होता, दुसऱ्यावर पगाराचं काम चालायचं. महिन्याची २९ तारीख होती. नावाची पट्टी पुढच्या जाळीवर चिकटवलेली होती, आणि जाळी काय, हाताने निघते. माणूस वायर काढायला तयार उभा होता. माझी एक सहकारी फोनवरून म्हणाली, "दादा, थांबा. पट्टीवर जाऊ नका. मी इथून निळा दिवा लावते, कुठला लुकलुकतो ते सांगा." अशी कमांडच असते, त्या यंत्राच्या अंगावरचा दिवा लुकलुकतो. दिवा लागला खालच्या यंत्राचा, आणि त्या माणसाचा हात होता वरच्यावर. मग मागच्या बाजूचा अनुक्रमांक तिने वाचून घेतला. साफसफाईत जाळ्यांची अदलाबदल झाली होती. दोन मिनिटं थांबल्यामुळे शेकडो घरांचा पगार वेळेवर झाला.

म्हणून एक सुचवतो. आपल्या निधीतून शाळेच्या संगणक कक्षाची दुरुस्ती करायचं ठरतंय. सामान आणण्याआधी मुलांनाच यंत्रांची नोंदवही करू द्या. विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फॉर्मेशन' उघडलं की कंपनी आणि मॉडेल दिसतं. ते लिहायचं, मग डब्यावरच्या लेबलशी ताडून पाहायचं. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे खूण करायची. त्या खुणा आधी तपासू आणि मगच मेमरी विकत घेऊ. पैसे वाचतील, आणि आठवी-नववीच्या मुलांना हिंजवडीतलं हे काम इथेच करायला मिळेल. एक रविवार मी येईन. आणखी दोघं-तिघं आले तर एका दिवसात होईल.