चेतकचे दिवस



चेतक हे महाराणा प्रतापांच्या अश्वाचे नाव. १९७२ साली पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज कारखान्याने ते आपल्या स्कूटरला दिले. त्या काळी उत्पादनावर सरकारी परवान्याची मर्यादा असल्यामुळे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. माझ्या वडिलांनी नोंदविलेली गाडी हाती आली, तेव्हा त्यांचे डोळे अधू झाले होते. ती त्यांना कधीच चालविता आली नाही. माझ्या मागे बसून मात्र ते मोठ्या आनंदाने गावभर हिंडले.

पेट्रोलात तेल मिसळावे, डाव्या मुठीने गिअर फिरवावा आणि हिवाळ्यात हटून बसल्यास गाडी एका कुशीवर कलती करून मग किक मारावी, हे तिचे संस्कार! ती धूर फार सोडी, हेही खरे. तिचा मी अंधभक्त नाही. परंतु आळीत एकच गाडी असल्यामुळे ती साऱ्यांची असे. लग्नपत्रिका वाटणे, बाळंतिणीचा डबा पोचविणे, मध्यरात्री डॉक्टरांना आणणे, सारे तिच्यावरच.

२०२० सालापासून त्याच नावाची विजेवर चालणारी गाडी रस्त्यावर आली आहे. आज घरोघरी वाहने आहेत. पण मागची बैठक रिकामी असते आणि आपले वृद्ध सभासद सोबतीअभावी संमेलनास मुकतात. तरुणांनो, पुढील वर्षी येताना त्या बैठकीवर एका वृद्धास घेऊन या. माझ्या वडिलांच्या मुखावरील आनंद तुम्हांसही पाहावयास मिळेल.